सहाणेवरची पांढरी रेघ

आषाढ शुद्ध ८, शके १८७०

सोलापूरहून गाडीवानाच्या हाती आलं ते: धार लावायची पांढरी सहाण एक, कलदार सात रुपये, म्हणजे निजामाचे हाली आठ रुपये पावणेतीन आणे. टिंक्चर आयोडीनची बाटली एक, कलदार दोन रुपये. पट्टीचं कापड, त्याची किंमत ह्यांनी लिहिलेली नाही. करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका चुकवून आणलं म्हणून गाडीवानानं दोन रुपये मागितले. मी पोटभर जेवायला घातलं आणि एका रुपयावर मिटवलं.

सहाण चिनी मातीची, भट्टीत भाजलेली, वीतभर लांब, बशीसारखी पांढरीशुभ्र. सखूबाई भांडी घासता घासता म्हणाली, "देवाला नवी सहान आनली व्हय बाई? गंध लई झाक उगळंल." मी म्हटलं, अगं ही नस्तराला धार लावायची. ती म्हणाली, "मंग इतकी गोरी कशाला? दोन दिसात काळी व्हनार."

सोबत ह्यांची चिठ्ठी. जुना दगड मध्ये खोल गेलाय, त्यावर नस्तराला धार येत नाही आणि आपला कंपाउंडर पाशामियाँ गळू फोडायला लागला की माणसं ओरडतात. म्हणून ही पाठवली. धार पाशामियाँनं लावावी, साफ ठेवण्याचं काम मात्र तू स्वतः करावंस, दुसऱ्यावर टाकू नये. प्रकृती बरी आहे. काळजी नसावी.

रझाकारांच्या गोळीनं जखमी झालेल्या एका माणसाला ह्यांनी औषधपाणी केलं, म्हणून ज्येष्ठात वॉरंट निघालं आणि हे रातोरात सोलापूरला गेले. काळजी नसावी म्हणे.

डब्यात इंग्रजी कागद होता. बसून मराठीत उतरवला. तेल अजिबात लावू नये. पाण्यानं भिजवावी. लोखंडाचा काळा कीस सहाणेच्या अंगात बसतो, तो रोजच्या रोज काढावा, नाही तर सहाण गुळगुळीत होते आणि पातं नुसतं घसरतं. सावलीत वाळवावी. पडली तर टवका उडेल. घासायला कसली तरी विकत मिळणारी पूड लिहिली आहे. ती काही मी आणणार नाही. घरात राख आहे.

आषाढ शुद्ध १३

आज पाशामियाँनी नव्या सहाणेवर पहिली धार लावली. बेंबळीच्या बाजाराहून एक म्हातारा आला होता, मांडीला लिंबाएवढं गळू. "वरडू नको बाबा, झालंबी," असं पाशामियाँ म्हणाले तेव्हा खरंच झालेलं होतं. म्हातारा इकडेतिकडे बघत राहिला.

सहाणेवर दोऱ्याएवढी करडी रेघ उमटली होती. नुसत्या राखेनं निघेना. मग राख वस्त्रगाळ केली, तीत रिठ्याचं पाणी घातलं आणि घोसाळ्याच्या वाळल्या जाळीनं गोल गोल घासली. लख्ख. पैसा लागला नाही. देवीपुढं दिवा लावला, ह्यांच्या नावानं एक वात जास्त.

आषाढ वद्य ५

सकाळी चौघे जण खाकी कपड्यांत दारात आले. डॉक्टर कुठंय, दवाखाना उघडा, औषधं पाहिजेत. मी दाराआड उभी. भावजी, म्हणजे बिभीषण, शेतावर गेले होते, नसते गेले तर काय झालं असतं देव जाणे. पाशामियाँ उंबऱ्यावर आडवा हात लावून उभे राहिले. हिंदुस्थानीत काय काय बोलले. शेवटी मराठीत म्हणाले, मला ऐकू यावं म्हणून असेल, "ह्या घराचं मीठ खाल्लंय म्या. जिता हाय तवर आत कुनी जानार न्हाय." ते गेले. पाशामियाँचा सदरा पाठीला चिकटलेला होता. मी ताक पाठवलं.

भावजींना हे सांगितलं तर ते नुसते हसले. "त्यांचीच माणसं, वहिनी. त्यांचंच नाटक."

त्यांचा दोस्त महांतप्पा गेल्यापासून भावजींचं सगळं असंच. दोघे एका ताटात जेवणारे. ज्येष्ठात ओढ्यापाशी रझाकारांची गोळी लागली, भावजींनी त्याला पाठीवर आणलं. हे तोवर सोलापूरला गेलेले. पाशामियाँनी पट्टी बांधली, पण तो दुपारपर्यंतही राहिला नाही. पट्टी मुद्दाम सैल बांधली, असं भावजींच्या मनात कुणीतरी भरवलंय. परात मी धरली होती. पट्टी घट्टच होती. हे मी भावजींना सांगितलं होतं. परत परत सांगायला हवं होतं, पण ते उठून जातात.

आषाढ वद्य १२

मंगळवार म्हणून देवीच्या देवळात गेले होते. परत येऊन पाहते तर सहाणेवर दोन बोटं रुंद काळा पट्टा. नस्तराचा नव्हे, मोठ्या पात्याचा. पट्ट्याच्या मधोमध केसाएवढी पांढरी रेघ, तिथं लोखंड लागलेलंच नाही. रोजच्या दुप्पट राख गेली, रिठे चार. बायकोची, फरिदाबीची, विळी पाशामियाँनी आणली असेल, गरीब माणूस, धारवाल्याला पैसे कशाला द्या. बोलले नाही. पण सात रुपयांची सहाण विळ्यांसाठी आणलेली नाही.

श्रावण शुद्ध ५, नागपंचमी

मन फार खट्टू झालं आहे. जे झालं ते लिहिते.

आज घरात चिरणं नाही, कापणं नाही, तवा नाही. काल रात्रीच विळी आणि सुऱ्या फडक्यात बांधून फडताळात ठेवल्या. पुरणाचे दिंड उकडले, वारुळाला गेले. भावजींनी शेतात नांगर धरला नाही, गड्यालाही धरू दिला नाही. सखूबाईनं मेथीसुद्धा हातानं तोडली.

आणि वारुळाहून येऊन बघते तर सहाणेवर तोच काळा पट्टा. मधोमध तीच पांढरी रेघ.

पंचमीच्या दिवशी पात्याला धार! हे आपल्या घरातलं कुणी करणार नाही, जीव गेला तरी नाही. सासूबाई एकदा पंचमीला चुकून काकडी कापली म्हणून तीन दिवस जेवल्या नव्हत्या, त्यांच्या हाताखाली हे घर वाढलंय. म्हणजे ज्याला पंचमी नाही त्याचंच हे काम. दवाखान्याची किल्ली पाशामियाँकडेच असते, तिथल्या मधल्या दारानं ते केव्हाही घरात येऊ शकतात.

त्या दिवशी दारात उभे राहिलेले पाशामियाँ डोळ्यांपुढं येतात. पण पट्टाही डोळ्यांपुढं आहे. मोठं पातं आहे. विळी नव्हे.

संध्याकाळी भावजींना सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर ओळखलंत वहिनी. पंचमीला पातं लावणारा आपल्यातला नव्हे." मी विचारलं, ह्यांना कळवू का? "दादाला कशाला घोर? कुणाला बोलू नका. मी बघतो." आणि मी घासायच्या आत त्यांनी स्वतःच सहाण उचलून धुतली. पुरुषमाणूस असून. मला बरं वाटलं, कुणीतरी घरात आहे.

श्रावण शुद्ध ६

किल्ली मागून घेतली. हे मी स्वतः करायला हवं होतं म्हणून स्वतः केलं.

"का बाईसाब? काय चुकलं का?"

मी म्हटलं, काळ वाईट आहे, घरातच असू द्या.

"काळ वाईट हाय म्हनूनच इचारतो." किल्ली कमरेच्या दोऱ्यातून सोडायला त्यांना वेळ लागला, ह्यांनी दवाखाना काढल्यापासून तिथंच होती ती. ओसरीवर ठेवली. "धार लावायची आसंल तवा मागून घीन. तुमच्याम्होरं लावीन. सहान मातुर धूत जावा, हयगय करू नगा. बारीक काम हाय."

किल्ली भावजींकडे दिली.

श्रावण वद्य २

किल्ली घेतल्यापासून सहाण पांढरी आहे. पाशामियाँ ओसरीवर बसून माझ्यादेखत नस्तर लावतात, दोऱ्याएवढी रेघ, ती मी काढते, संपलं. म्हणजे माझा संशय खोटा नव्हता. खोटा ठरला असता तर बरं झालं असतं असं वाटतं, आणि खरा ठरला म्हणून थोडं समाधानही वाटतं. दोन्ही वाटतं.

एकच. देवळातून आले की सहाण ओली असते. कागदात सावलीत वाळवा म्हटलंय तशी फडताळात ठेवते, तरी ओलीच. पावसाळी हवा. उद्यापासून चुलीच्या वरच्या फळीवर ठेवीन.

भाद्रपद शुद्ध १२

गौरी आल्या, गेल्या, इकडे लक्षच नव्हतं. परवापासून आकाशात विमानं. काल नळदुर्गकडून तोफांसारखा आवाज येत होता. हिंदी फौज आत आली म्हणतात. लोक रस्त्यात ओरडत होते, गुलाल कुठून आला कोण जाणे. सखूबाईनं मारुतीपुढं नारळ फोडला. "आता डाक्टरसाहेब येनार बाई, साखर आना."

वरच्या गल्लीत गुलाल. खालच्या गल्लीत सगळी दारं बंद. पाशामियाँचंही.

देवी भवानी, माझं कुंकू राखलंस. खणानारळानं ओटी भरीन.

भाद्रपद वद्य १

दुपारी फरिदाबी आणि पाशामियाँ परसदारी आले. फरिदाबीच्या हातात एक गाठोडं. तिनं कधी मागच्या दारानं येऊ नये, नेहमी पुढून हाका मारत यायची, "अनसूयाबाई, कोथमीर हाय का तुमच्यात?"

पाशामियाँ म्हणाले, "दोन दीस दवाखान्याच्या खोलीत ऱ्हाऊ द्या, बाई. बाहीरगावची मानसं फिरायलीत. नावं इचारायलीत."

माझ्या तोंडून निघालं, "किल्ली भावजींकडे आहे." खरं होतं ते. पण किल्ली माझी होती, मी एक शब्द बोलले असते तर भावजींनी दिली असती. मी पट्ट्याचा विचार करत होते. आत घेतलं आणि त्यांनी ते पातं घरातच लपवलेलं असलं तर?

पाशामियाँनी माझ्याकडे पाहिलं. "मला नगं. फरिदाला तरी घ्या."

फरिदाबीला मागच्या खोलीत घेतलं. तिचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला. तेवढ्यात भावजी आले. मला वाटलं आता चिडतात, पण उलट इतके गोड बोलले. "पाशामियाँ, इथं राहणं धोक्याचं. नळदुर्गला फौजेची छावणी आहे, तिथं कुणी हात लावणार नाही. मी पोचवतो. मी बरोबर असल्यावर वाटेत कोण अडवतो? फरिदाबीला मागनं नेऊ." पाशामियाँ फरिदाबीशी दाराआड काही बोलले. मग मला म्हणाले, "येतो बाईसाब." भावजींनी खांद्यावर कांबळं घेतलं आणि दोघे ओढ्याच्या वाटेनं गेले.

देवीनं भावजींना बुद्धी दिली. महांतप्पाचं दुःख गिळून त्यांनी हे केलं. मी संशय धरला तो माणूस आणि त्यांनी मन मोठं केलं. मला लाज वाटली.

भाद्रपद वद्य ३

भावजी काल संध्याकाळीच परतले. पोचवलं म्हणाले. दमले होते, जेवले नाहीत. आज सकाळी विहिरीवर स्वतःचं धोतर स्वतः धूत बसले. सखूबाई म्हणाली, "लगीन ठरलं वाटतं मालकाचं! आत्तापासून शिकायलेत." ते हसले नाहीत.

फळीवर सहाण बघितली तर तोच रुंद पट्टा, मध्ये पांढरी रेघ. संताप आला. जाता जाताही! परवा परसदारी आले तेव्हा कधी तरी आत शिरून पाशामियाँनी हात साधला असणार. आणि मी लाजत होते.

भाद्रपद वद्य ६

फरिदाबी दिवसातून दहादा विचारते, "कुछ सांगावा आला का?" मी सांगते, टपाल अजून नीट चालू नाही. खरंच नाही.

तिला फुकट खाणं नको वाटतं. आज म्हणाली, "ती सहान द्या, मी घासते. त्यांनी शिकवलंय मला, कडेनं मध्ये घासायचं." त्या दिवशीचा पट्टा मी रागानं तसाच ठेवला होता. परसात दगडावर बसून तिनं घासला. माझ्यापेक्षा राख कमी लागली. हात साफ आहे बाईचा.

भाद्रपद वद्य ९, अविधवा नवमी

सासूबाईंचा महाळ. हे नाहीत, भावजींनी केला. भाजीला तांबडा भोपळा. अख्खा भोपळा बाईनं पहिला फोडायचा नाही, म्हणून भावजींना हाक मारली. विळी पुरेना इतका मोठा, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली कत्ती आणली, कडबा तोडायची. एका घावात दोन भकलं.

मी फोडी करायला भकल उचललं. कापलेला भाग लोण्यासारखा सपाट. आणि त्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाएवढा उंचवटा. कत्तीच्या धारेत जिथं खांड पडली होती तिथं भोपळा कापला गेला नव्हता.

मी भकल खाली ठेवलं. स्वयंपाक केला. हे कसं केलं आठवत नाही, पण पुरण झालं होतं, वडे झाले होते.

भावजी कावळ्याला घास ठेवायला गच्चीवर गेले. मी सहाण भिजवली. कत्ती घेतली, तिला माझा हात पुरत नव्हता. एकदाच ओढली. दोन बोटं काळा पट्टा. मध्ये पांढरी रेघ.

पंचमीला तीच. आषाढात तीच. ओली सहाण तीच, किल्ली मिळाल्यावर भावजी धुवून ठेवत होते. वद्य तृतीयेला तीच, आणि ती फरिदाबीनं पुसली.

जेवायला वाढताना विचारलं. फरिदाबी विहिरीवर होती.

"भावजी, नळदुर्गला पाशामियाँना कुणाच्या हवाली केलंत?"

"छावणीच्या."

"माणसाचं नाव?"

"आमटीत मीठ कमी आहे, वहिनी."

मीठ वाढलं. "कत्तीला खांड कशानं पडली?"

"महांतप्पाच्या तिरडीचा बांबू तोडताना." आमटी भातावर ओढून घेतली. "पंचमीला धार लावली. आई आठवली. वाटलं, तुम्ही बघाल आणि विचाराल, बिभीषणा, हे काय? विचारलं असतंत तर टाकून दिली असती, आईशपथ. तुम्ही आलात आणि त्याचं नाव घेतलंत. तुम्ही इतकं देवाधर्माचं करता. तुम्ही म्हणालात म्हणजे..."

"कुठं आहेत ते?"

"ओढ्याच्या वरच्या अंगाला. ज्वारीत." आणि जेवले. ताटातलं सगळं जेवले, श्राद्धाचं अन्न टाकू नये म्हणून.

फरिदाबी घागर घेऊन आली. "अनसूयाबाई, लई चांगला वास सुटलाय. आज काय सण?"

भाद्रपद वद्य १०

रात्रभर जप करायला बसले, मंत्र पुढं सरकेना. आज टपाल सुरू झालं. ह्यांना लिहिलेल्या पत्राची नक्कल ठेवते.

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. आपण पाठविलेली सहाण पोचली हे पूर्वी कळविले आहे. ती आपल्या सांगण्याप्रमाणे मी रोज साफ करीत होते. एक पट्टा वारंवार उमटत होता, तो कोणाच्या पात्याचा हे न पाहता मी पुसत गेले, आणि पाशामियाँचे नाव भावजींपाशी घेतले. पाशामियाँ हयात नाहीत. भावजींनी मला स्वतः सांगितले. किल्ली मी काढून घेतली होती आणि दार मी उघडले नाही, हेही लिहिते, कारण आपण परत याल तेव्हा भावजींकडेच बघाल.

फरिदाबी मागच्या खोलीत आहे. तिला अजून माहीत नाही. ती रोज विचारते आणि मी टपालावर ढकलते. आता टपाल सुरू झाले आहे, ढकलायला काही उरले नाही. ज्वारी पंधरा दिवसांत काढणीला येईल, त्याआधी त्यांना माती मिळाली पाहिजे, त्यांच्या रीतीने. ते फरिदाबीला न सांगता होणार नाही.

भावजींना आपण लहानाचे मोठे केले. त्यांना छावणीतल्या साहेबांपुढे आपण उभे करणार की मी, एवढेच विचारते. करायचे की नाही, हे विचारत नाही.

सहाणेवर त्या कत्तीचा पट्टा मी स्वतःच्या हाताने ओढला आहे. तो घासलेला नाही. सहाण तशीच देवघरात गंधाच्या सहाणेशेजारी ठेवली आहे. आज फरिदाबीने ती घासायला मागितली, तेव्हा प्रथमच मी तिला नाही म्हटले, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. ती फार दिवस नुसती बघत राहणार नाही. कृपा करून उलट टपाली कळवावे.